माया

मी शिंपी. फोंड्याच्या वरच्या बाजारात
बावीस वर्षं लोकांची मापं घेतोय.
गळ्यातली टेप रविवारीही उतरत नाही.
देवळात तरी काढा, उज्वला म्हणते.
पण देवळातच तर ती लागते:
पहिली पायरी सात इंच, दुसरी साडेसात,
तिसरी कुणी नवस फेडताना बांधली असणार,
देवापेक्षा स्वतःच्या नावाची पाटी उंच दिसावी म्हणून.

पणजीतल्या खाणावळीचा मालक भला माणूस,
टेबल सरकवलं, पंखा आमच्याकडे वळवला.
आतल्या मोरीचं दार बावीस इंच.
दीपश्रीची खुर्ची चोवीस.
तिने सोलकढीचा पेला हळूच माझ्याकडे सारला.
तेव्हापासून बाहेर जायच्या दिवशी
ती सकाळपासून पाणी पीत नाही.
ओठ सुकलेले असतात, आणि म्हणते,
मला तहानच लागत नाही.

कापड बेतताना शिवणीच्या आत
आम्ही दीड इंच माया सोडतो.
वाढतं अंग असतं. उद्या उसवून सैल करता येतं.
इमारती कोण बेततं कुणास ठाऊक,
मायेला जागाच ठेवत नाहीत.

"उचलून घेऊ की, त्यात काय!"
लगेच चार हात पुढे येतात.
चवथीला तिने मला बजावलं,
बाबा, मला गठ्ठ्यासारखं उचलायचं नाही.
परकर वर जातो. सगळे बघतात.
मी म्हटलं, आतून पिना लावून देतो.
बाही आखूड झालेलं गिऱ्हाईक बघतं ना,
तशी बघितली माझ्याकडे.

मग तो रविवार. दिवाडीची फेरीबोट.
मेहुण्याने व्हॅनमधून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सोडलं
आणि ओहोटी होती.
बोटीची फळी खाली कलंडलेली,
धक्क्यावर शेवाळ, हिरवंगार, निसरडं.
खलाशी म्हणाला, साडेचारला या.
पाणी चढलं की फळी वर येते.

दोन तास बसलो. मिरचीभजी, पाव.
उज्वला कुठल्याशा बाईशी बांगड्याच्या भावावर बोलत राहिली.
बोटी येत होत्या, जात होत्या.
दीपश्री धक्क्याच्या भिंतीवरचा ओला पट्टा
डोळ्यांनी मोजत होती.
पाणी एकेक बोट वर चढत गेलं,
आणि तिने त्या दिवशी पहिल्यांदा बाटली तोंडाला लावली.

साडेचारला फळी सपाट.
ती स्कूटरसाठी बांधलेली, मोटारींसाठी,
पावाच्या टोपल्या लादलेल्या सायकलीसाठी.
आमचा विचार कुणी केलेला नव्हता, तरी सपाट.
दीपश्रीने दोन्ही चाकांना हात घातले.
मी मागे. हात खिशात. कोंबलेले.

"मुखार घे गो! आनीक मात्शें!"
खलाशी तिच्यावर ओरडला,
पुढच्या स्कूटरवाल्यावर ओरडला होता अगदी तसाच.
"ब्रेक मार! वाटेत खंय रावता?"
तिने ब्रेक मारला.
जन्मात कुणी तिला वाटेतली म्हणून झापलं नव्हतं.
कानशिलं लाल झाली आनंदाने.

पलीकडे उतरलोच नाही.
चार वेळा गेलो, चार वेळा आलो.
तिकीट नव्हतं म्हणून बरं, उज्वला म्हणाली,
आणि माझा हात खिशातून काढून
त्यात उरलेलं भजं ठेवलं.

परतीच्या वाटेवर, व्हॅनमध्ये, अर्धवट झोपेत
दीपश्रीने विचारलं,
बाबा, आपल्या दुकानाची पायरी किती आहे?

मी खाणावळ मोजली होती. तीन देवळं,
बँक, कदंबा बस, दंतवैद्याचा जिना.
दुकानात तर मी तिला रोज उचलूनच घेतो.
बारा वर्षं.

रात्री बाजार बंद झाल्यावर गेलो.
गळ्यातली टेप काढली, ओणवा झालो,
खडूने दगडावर रेघ मारली.

साडेआठ इंच.